डब्याचं अस्तर

आमच्या जावयांना एक वाईट खोड आहे. ते भांडत नाहीत.

माझा बटणांचा डबा त्यांनी उचलला. अ‍ॅल्युमिनियमचा, जाड पत्र्याचा, माझ्या सासूच्या वेळचा. आतली बटणं एका पिशवीत ओतली, पिशवीला गाठ मारली आणि मला येऊन सांगितलं, "आई, डबा घेतलाय हं. दुसरा आणतो." आता चोरच सांगून जायला लागला तर बोंब कशाच्या नावाने मारायची?

जावयाला तोंडावर बोलायची सोय नसते. म्हणून मी लेकीला बोलते. लेकी बोले सुने लागे म्हणतात. आम्हाला सून नाही, तेव्हा जे काही लागायचं ते जावयाला लागावं. पण लागेल तर शपथ. परवा लेकीला मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "घरात पिठाची चाळणी तरी राहू दे म्हणावं. तिचंही काहीतरी वाजवायचं करतील."

आतून उत्तर आलं, "नाही आई, चाळणीला भोकं आधीच आहेत. उपयोग नाही."

चेष्टेने नाही. खरंच विचार करून.

ते जे करतात त्याला पेडल म्हणतात. एक पत्र्याचा डबा, आत वायरींचा गुंता, वर दोनतीन गोल खुंट्या आणि पायाने दाबायचं एक बटण. गिटारची वायर एका भोकात घालायची, दुसऱ्या भोकातून निघालेली वायर स्पीकरला लावायची. गिटारचा चांगला धडधाकट आवाज आत जातो आणि सर्दी झाल्यासारखा बाहेर येतो. एवढ्यासाठी माणूस आठवडाभर मान मोडून बसतो. आमचा मिक्सर हे काम कधीपासून फुकट करतोय.

आधी जावई कानाच्या मशीनच्या दुकानात दुरुस्तीचं काम करायचे. बहिऱ्यांना ऐकू यावं म्हणून धडपडायचे. मालकाने दुकान बंद केलं, आणि हे ऐकू येणाऱ्यांना बहिरं करायच्या कामाला लागले.

बसायला त्यांना जागा नव्हती. स्वयंपाकाच्या ओट्यावर एका बाजूला माझं पातेलं, दुसऱ्या बाजूला त्यांची तापलेली सळई. एकदा सोल्डरचा, म्हणजे वायरी जोडायच्या वितळलेल्या कथलाचा, मणी माझ्या ताटात आला. दाताखाली गेला असता तर दात गेला असता, आणि जावई म्हणाले असते, दुसरा आणतो.

खिडकीजवळ एक टेबल आहे. उजेडाचं, ऐसपैस. त्यावर माझं शिलाईचं मशीन असतं. हल्ली सुईत दोरा ओवायला मला लेक लागते, मशीनवरचं झाकण आठवडे आठवडे निघत नाही, पण टेबल माझं आहे. लेक ते मागत होती, नवऱ्यासाठी. मी म्हटलं, "ज्या दिवशी बाहेरचं माणूस यातला एक डबा आपणहून उचलून नेईल, त्या दिवशी टेबल देईन." माझा हिशेब असा, की एवढ्यावर टेबल मला शेवटपर्यंत पुरेल.

आणि एक दिवस लेक सांगत आली, की वाद्यांच्या दुकानाचा माणूस रविवारी डबा बघायला येणार. पसंत पडला तर दुकानाच्या काचेत यांचे डबे लागणार.

"आणि नाही पडला तर?" मी विचारलं.

"तर हे 'बरं' म्हणतील," ती म्हणाली. "मग सळई कपाटात ठेवतील आणि परत कधी काढणार नाहीत. आई, दोन दुकानांनी नाही म्हटलंय. तू नको काही बोलूस आता."

मी बोलणार नव्हतेच. पण डबा बघितला आणि राहवेना. जावयांनी त्यावर सिंह काढला होता. सिंह म्हणे. पोट बिघडलेलं मांजर होतं ते. खाली 'गर्जना' असं नाव, त्यातला 'ना' मावला नाही म्हणून कोपऱ्यावरून वळून शेजारच्या बाजूला गेलेला.

"हे आपल्या घरातून बाहेर जाणार?" मी लेकीला म्हटलं. "लोक विचारतील, घरात कोणाला डोळे आहेत की नाहीत."

"मग तूच काढ," ती म्हणाली.

आता बघा, डबा पसंत पडला तर टेबल माझंच जाणार होतं. शहाणी बाई हात बांधून बसली असती. पण उभा जन्म मी शिवणकाम केलं, माझ्या हाताखालून वाकडी कड बाहेर गेलेली नाही. माझं ऐकून त्यांनी नव्या रंगासाठी आतल्या वायरी काढून ठेवल्याच होत्या. ते सामान आणायला गेले तसा मी डबा घेतला. सिंह पॉलिश पेपरने घासून काढला. जाता जाता जरा बरा दिसला. खिडक्यांचा निळा ऑइलपेंट उरला होता, त्याचे हात दिले. वाळल्यावर पांढऱ्याने वेल काढली, कॉलरवर भरायचे तीच, एका पानाचं तोंड दुसऱ्या पानाकडे.

मग डबा उलटा केला तर आत नुसता पत्रा. शिंपी ओळखायचा तर कपडा उलटा करून बघतात. वरून कोणीही शिवेल. अस्तर सांगतं माणूस कसा आहे ते. मी आतूनही रंग दिला. कोपऱ्यात ब्रश जाईना तर काडीला चिंधी गुंडाळून दिला. भोकांच्या कडासुद्धा सोडल्या नाहीत.

जावई आले. बाहेरून बघितलं, "छान झालंय, आई," म्हणाले. मग आत बघितलं, आणि भोकांच्या कडांवरून बोट फिरवलं.

"आतूनही?"

"आतूनही," मी लेकीकडे बघत म्हटलं. "अर्धवट काम करायची आपल्याकडे पद्धत नाही म्हणावं."

"बरं," ते म्हणाले, आणि वायरी बसवायला लागले.

रविवारी सकाळी वाजवून बघितलं, वाजलं. दुपारी दुकानाचा माणूस आला. दाढीवाला, आडदांड, पाठीला स्वतःची गिटार. मी मशीनवरचं झाकण काढून, दोरा नसलेल्या सुईखाली एक चिंधी धरून बसले होते. त्याने वायर अशी खुपसली, जशी बैलाला वेसण घालतोय. बटणावर पाय दिला.

घूंऽऽऽ.

गिटारचा पत्ता नाही. माशी बाटलीत अडकावी तसा नुसता आवाज.

"हा इफेक्ट आहे, की बिघाड?" दाढीवाल्याने विचारलं.

त्यात फरक काय असतो, ते मलाही ऐकायचं होतं. पण जावयांचे कान लाल झाले होते, म्हणून मी सुईखालची चिंधी पुढे सरकवली. त्यांनी चार स्क्रू काढून डबा उघडला. दाढीवाला वाकला आणि हसायलाच लागला.

"आतून रंग? कोणी अकलेचे तारे तोडले? नट पत्र्याला टेकायला नको? उघड्या पत्र्यातून जोडणी होते हो, रंगावरून नाही. हे तर शिकाऊ माणसालाही कळतं."

माझ्या हातातली चिंधी तिथेच थांबली. लेकीने माझ्याकडे बघितलं. जावयांनी नाही बघितलं.

"माझ्याच हातून झालं," ते म्हणाले. "घाईत होतो."

दाढीवाला गिटार पिशवीत घालायला लागला. "मग सावकाश करा. पुढे कधीतरी बघू."

"बरं," जावई म्हणाले.

ते 'बरं' माझ्या डोक्यात गेलं. मी उठले. माझी कापायची कात्री, जिने या घरात कोणी कागद कापलेला नाही, जिला हात लावला म्हणून लेक लहानपणी दोन धपाटे खाऊन बसली आहे, ती डब्याशेजारी ठेवली.

"खरवडायला टोक लागेल," मी लेकीला म्हटलं. "आणि पाहुण्यांना म्हणावं, चहा टाकलाय. चहा न घेता आमच्याकडून कोणी जात नाही."

चहा टाकलेला नव्हता. लेक पळाली. जावयांनी कात्रीच्या टोकाने भोकांभोवतीचा रंग खरवडला. रंगाचे पापुद्रे मी चिंधीने गोळा करत गेले. पत्रा चकाकला. नट घट्ट केले, झाकण बसलं. दाढीवाल्याने एका हातात कप धरून नाइलाजाने बटणावर पाय दिला आणि तार छेडली.

खिडकीची काच थरथरली. कपातला चहा बशीत आला. मी पुसलेला सिंह आत जाऊन बसला होता.

त्याने कप खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी वाजवायला लागला. चहा गार होईपर्यंत वाजवत होता. मग डबा उचलून उजेडात धरला.

"ही वेल कोणाची?"

"आईंची," जावई लगेच म्हणाले.

"असे आणखी करा. प्रत्येकावर वेल वेगळी. हा मी आजच नेतो, काचेत लावतो."

नेला. आपणहून उचलून नेला.

दार लागल्यावर मी लेकीला आत ओढलं. "यांना आधी दिसला नव्हता तो रंग?"

"दिसला होता," ती म्हणाली. "म्हणाले, आईंनी एवढं मन लावून केलंय, खरवडू कसं. नटाखालच्या वॉशरचे दात रंगात रुतून पत्र्याला टेकतील, भागेल. सकाळी भागलं. त्या रेड्याने वायर खुपसली आणि वॉशर हलला."

मी बाहेर आले. जावई माझी कात्री मऊ फडक्याने पुसत होते.

"आई, धार थोडी गेलीय. दुसरी—"

"दुसरी आणतो म्हणू नकोस," मी म्हटलं. लेकीकडे बघून नाही, त्यांच्याकडे बघून. "आणि आज मी सरळ तुलाच बोलतेय, तेव्हा नीट ऐक. रंग दिसला तेव्हा तोंडात काय धरलं होतंस? 'आई, हे चुकलं' एवढं म्हणायचं होतं. मी ओरडले असते, भांडी आपटली असती आणि मग बसून खरवडून दिलं असतं. माझं मन राखायला स्वतःचं काम बुडवायला निघालास. याला गरीब स्वभाव म्हणत नाहीत, आळस म्हणतात, भांडायचा आळस. टेबल घे. सगळं नाही, अर्धं. खिडकीकडची बाजू माझी, वेलीला उजेड लागतो. आणि पुढचा डबा देशील तेव्हा रंग कुठे नको तिथे खडूने खूण करून दे. खूण न करता शिंप्याकडे कापड टाकणारं गिऱ्हाईक मी फार बघितलंय, आणि त्याचा कोट बिघडला तर चूक शिंप्याची कधीच नसते. चूक तुझी आहे."