मैदानावर घ्यायचा पाठ

बी.एड.चं शेवटचं वर्ष निम्मं सरलं, तरी तिने अजून एकही भरलेला वर्ग पाहिला नव्हता. साथीमुळे शाळा बंद होत्या. सराव पाठ मात्र चुकले नव्हते. कॉलेजने तिला पाचवीचा एक वर्ग नेमून दिला आणि त्या वर्गाच्या बाईंनी आपली जाडजूड फाइल पाठवली. वर्षानुवर्षं हाताळून कोपरे मऊ पडलेली, तयार पाठ टाचणं.

"यातलंच शिकव. ऑनलाइनला बसेल असं करून घे, म्हणजे झालं," बाई फोनवर म्हणाल्या.

म्हणायला सोपं होतं. टाचणात पानोपानी लिहिलेलं: गट पाडा. शेजाऱ्याची वही बघू द्या. मागच्या बाकापर्यंत चक्कर मारा. ती एकेक वाक्य खोडून शेजारी लिहायची: चित्र दाखवा, प्रश्न चॅटमध्ये विचारा. समासात कुठेकुठे बाईंनी पेन्सिलने टिपून ठेवलं होतं, 'इथे हसतात. हसू द्यावं.' अशा ठिकाणी ती खरंच थांबायची. पडद्यावरचे एकतीस काळे चौकोन गप्प असायचे. कुणाला डेटा पुरत नव्हता, कुणाला घर दाखवायचं नव्हतं. कॅमेरा लावा म्हणायचा तिला धीर होत नसे. पाठ संपला की ती उगीचच दोन मिनिटं थांबून राही. एखादं तरी मूल मागे रेंगाळेल, काहीबाही सांगेल, अशी वेडी आशा. चौकोन पटापट विझत जात.

सावलीचा पाठ आला तेव्हा ती अडलीच. 'मुलांना मैदानावर न्या. काठी रोवा. दहा, अकरा आणि बाराला सावली मोजा.' यात खोडायचं काय आणि ठेवायचं काय? दोन दिवस डोकं खाजवून तिने ठरवलं, प्रत्येकाने आपापल्या खिडकीत पेन्सिल उभी करायची आणि तासातासाला पाच मिनिटं पडद्यासमोर येऊन आकडा सांगायचा.

दहाला आकडे धडाधड आले. मग एक बारीक आवाज आला.

"बाई, आमच्याकडे ऊन येत नाही."

"गच्चीवर जाता येईल का?"

"गच्चीला कुलूप आहे. खिडकीसमोर भिंत आहे. चालेल का मी नुसतं ऐकलं तर?"

चालेल म्हणून मोकळं होता आलं असतं. ती लॅपटॉप उचलून बाल्कनीत गेली. बाबा तिथे पेपर वाचत बसले होते. त्यांना उठवून खुर्चीवर लॅपटॉप ठेवला आणि त्यांच्या हातात पेन्सिल, पट्टी दिली.

"हे माझे बाबा," ती त्या मुलीला म्हणाली. "आज ते तुझं ऐकतील. काय करायचं ते तू सांग."

"आजोबा, पेन्सिल सरळ धरा," आवाज म्हणाला. "वाकडी आहे. अजून वाकडीच आहे."

"गुडघे बोलतात गं माझे," बाबा वाकून म्हणाले. "त्यांचं ऐकू की तुझं?"

कुणीतरी खुदकन हसलं, मग आणखी कुणी. बाराला, शेवटच्या मोजणीला, काळ्या चौकोनांमधला एक उजळला. तेल लावून चापून बसवलेले केस, मागे पिवळा बल्ब, आणि कॅमेऱ्याच्या इतक्या जवळ आलेला चेहरा की डोळेच तेवढे मोठे दिसत होते. "आजोबा, सावली आखूड झाली," ती मुलगी म्हणाली. "लिहून घ्या." पाठोपाठ आणखी चार चौकोन उजळले. कुणाला वाकलेले आजोबा नीट बघायचे होते, कुणाला आपली पेन्सिल दाखवायची होती.

पाच चेहरे. त्या रात्री ती ते पुन्हा पुन्हा आठवत राहिली. कोणाचा दात पडला होता, कोण नखं खात होतं.

आठवड्याभरात सराव पाठ संपले. फाइल परत द्यायला ती शाळेत गेली. बाई ऑफिसात कागद लावत बसल्या होत्या. टाचणातली खाडाखोड त्यांनी शांतपणे वाचली आणि 'उत्तम' असा शेरा दिला.

"बाई, वर्ग बघू का?" तिने विचारलं.

बाईंनी किल्ली घेऊन दार उघडलं. बाकांवर धूळ होती. ती मधल्या वाटेने चालत मागपर्यंत गेली.

"ती घरात ऊन न येणारी मुलगी कुठे बसते?"

बाई दारातच उभ्या होत्या. "कुठे बसते काय सांगू? आपली शाळा पाचवीपासून, मुलांचं इथलं पहिलंच वर्ष. या खोलीत एकदाही आलेली नाहीत ती. मीही तुझ्यासारखीच, आवाजावरून ओळखते."

मग बाईंनी पदर खोचला, कपाटातून फडकं काढलं आणि पहिला बाक पुसायला घेतला. तिने पर्स खिडकीत ठेवली, दुसरं फडकं ओलं करून आणलं आणि मागच्या बाकापासून सुरुवात केली.

"शाळा उघडेल तेव्हा मी कुठल्या गावात असेन कोण जाणे," ती पुसता पुसता म्हणाली.

"त्यांना सांगेन मी, तू येऊन गेलीस म्हणून," बाई म्हणाल्या. "खिडकीजवळचा नीट पूस. तिथे बसवू तिला."