डब्यावरची छकुली

खरं तर हे लिहिणारच नव्हतो. यात कुणाचंच काही चाललं नाही.

बाळाच्या दुधाच्या पावडरच्या डब्यावर जे गुबगुबीत बाळ हसतं, ती माझ्या ओळखीच्या एका फोटोग्राफरची भाची, छकुली. फोटो त्यानेच काढलेला. तो इतका मिरवायचा, की मित्रांनी त्याचं नावच 'मामा' पाडलं. त्याच्या जिवलग मित्राला मुलगा झाला, तेव्हा मित्राच्या बायकोने डोळे झाकून तोच डबा आणला.

आता मित्राचं ते बाळ तीन दिवस दवाखान्यात सलाईनवर होतं. कंपनीने त्या लॉटचे डबे परत मागवले होते. समोरच्या औषधाच्या दुकानाच्या बोर्डावर छकुली मात्र हसतच होती.

"ही सारखं एकच विचारते," बाकावर बसलेला मित्र म्हणाला. "छकुलीला सोसलं, मग आपल्यालाच का नाही? बाटली उकळायला मीच कमी पडले का?"

मामा त्याच्याशेजारी बसला. "अरे, छकुलीने त्यातला थेंबही घेतला नाही. ताईच्याच दुधावर वाढली ती. फोटोच्या वेळी डबा रिकामा होता."

मित्राने वॉर्डच्या दाराकडे बघितलं. "हे तिला कोण सांगणार, मामा?"

"मी सांगतो. ती बाहेर आली की लगेच, तुझ्यासमोर. शब्द देतो."