बोगद्यात उडालेला काटा

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. घड्याळाचा नव्हे आणि तराजूचाही नव्हे. एका पिकअप गाडीच्या डॅशबोर्डवर, वेगाच्या मोठ्या तबकडीला खेटून एक छोटी तबकडी आहे, तिच्यात माझा मुक्काम. इंजिन किती तापलं आहे ते दाखवणं, एवढंच माझं काम.

कारखान्यात माझ्या पोटात केसासारख्या बारीक तारेची वेटोळी बसवली आणि टोकाला नारिंगी रंग दिला. माझा जोडीदार, म्हणजे सेन्सर, इंजिनातल्या पाण्यात बुडून बसलेला असतो. पाणी तापलं की तो जास्त वीज वाहू देतो आणि मी तेवढा वर सरकतो. मला स्वतःला काहीच दिसत नाही. माझ्यातून जितकी वीज जाईल तितकंच मी बोलतो.

आमची गाडी एका नवराबायकोची. काकू बेकरी चालवतात. काका पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. हात थरथरू लागल्यावर त्यांनी अक्षरं सोडली आणि पाव पोचवायचं काम घेतलं. पहाटे अंधारात निघायचं आणि रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात न्याहारीपूर्वी टोपल्या उतरवायच्या, हे त्यांनी बावीस वर्षं केलं. एकदा घाटात पाण्याचा पाइप फुटला, तेव्हा मी वेळेवर तबकडीवरच्या धोक्याच्या लाल पट्टीत गेलो आणि इंजिन वाचलं. त्यानंतर आठवडाभर काका माझी काच स्वतःच्या रुमालाने पुसत होते. तसं कौतुक पुन्हा वाट्याला आलं नाही.

गेल्या पावसाळ्यात समोरच्या काचेतून पाणी झिरपलं आणि डॅशबोर्डमागच्या लोखंडी पट्टीला गंज चढला. काकांना गंज दिसला आणि ब्रश हातात आला नाही, असं कधी होत नाही. त्यांनी पट्टी सोडवली, घासली, हिरव्या ऑइलपेंटचे दोन हात मारले आणि वाळल्यावर पुन्हा बसवली. काम नेटकं झालं होतं.

त्यानंतर माझं तंत्र बिघडलं. रोज पहाटे अर्ध्या वाटेत मी लाल पट्टीत जाऊ लागलो. काका गाडी बाजूला घ्यायचे, सगळं बंद करून अर्धा तास थांबायचे. उजाडल्यावर निघायचे, तेव्हा मी निमूट मधोमध! पाव मात्र उशिरा पोचायचे.

गॅरेजमध्ये मेकॅनिकने थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर साफ केला, पंपही बदलला. भर दुपारी त्याने गाडी फिरवून आणली. "काका, गाडी एकदम ठणठणीत आहे. तुमचे डोळे तपासून घ्या."

दुसऱ्या पहाटे मी पुन्हा लाल पट्टीत. शेवटी रुग्णालयाने सांगितलं, आणखी एकदा उशीर झाला तर दुसरा बेकरीवाला बघू. त्याच संध्याकाळी काकांनी भंगारवाल्याला फोन केला. मित्रांनो, मला वाटत होतं की मी खोटं बोलतोय. पण खरं कसं बोलायचं तेच मला कळत नव्हतं.

भंगारवाल्याकडे निघालो, तेव्हा काकूही शेजारी येऊन बसल्या.

"तू कशाला येतेस?" काका म्हणाले.

"बावीस वर्षं माझे पाव वाहिले हिने. पोचवायला नको?"

ऊन होतं. मी मधोमध होतो. मग बोगदा आला, काकांनी दिवे लावले आणि मी टुणकन लाल पट्टीत जाऊन बसलो.

"बघ, तापली," काका पुटपुटले.

"अहो, अशी कशी तापली?" काकू पुढे झुकल्या. "माझी भट्टी तापायला पाऊण तास घेते. हिचं इंजिन एका क्षणात तापलं होय?"

"काटा दाखवतोय ना!"

"भट्टीचाही काटा असतो. मी त्याच्यावर विसंबते का कधी? चिमूटभर पीठ टाकून बघते." बोगदा संपला. "थांबवा बाजूला. इंजिन चालू राहू दे. फक्त दिवे बंद करा."

काकांनी दिवे बंद केले. मी धपकन मधोमध आलो.

"आता लावा."

मी लाल पट्टीत.

"बंद करा."

मी मधोमध. काकूंनी हा खेळ पाच वेळा करायला लावला. पाचव्यांदा काका हसू लागले. पाणी काही बटण दाबून थंड होत नाही!

"म्हणजे इंजिन बरं आहे," ते हळूच म्हणाले.

त्यांनी इंजिन बंद केलं, टॉर्च काढला आणि डॅशबोर्डखाली डोकं घातलं. माझी आणि दिव्यांची वीज एकाच वायरने परत जाते. ती वायर त्या लोखंडी पट्टीला स्क्रूने आवळलेली असते आणि तिथून वीज गाडीच्या सांगाड्यात उतरते. पण वायर आणि लोखंड यांच्यामध्ये आता हिरव्या रंगाचा जाड थर होता. परतीची वाट अडली, म्हणून दिव्यांची वीज माझ्यातून घुसून सेन्सरकडे पळत होती आणि मला वर ढकलत होती.

"सापडलं का?" काकूंनी विचारलं.

काकांनी खालूनच सांगितलं, "सापडलं. रंग आहे."

"कुणी लावला?"

"आता तू गप्प बस."

"मी हलत नसते, तर मलाही दोन हात मारले असतेत तुम्ही!"

काकांनी किल्लीच्या टोकाने रंग खरवडला, चकचकीत लोखंड उघडं केलं आणि स्क्रू आवळला. इंजिन सुरू केलं, दिवे लावले, वायपर लावले, हॉर्नही वाजवला. मी जागचा हललो नाही. काकू खिडकीबाहेर तोंड करून डोळे पुसत होत्या आणि काका भंगारवाल्याला फोनवर सांगत होते, "नाही हो, विचार बदलला. गाडी बरी आहे. बिघाड माझ्यात होता."

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे काटे, दिवे, आकडे असतील. ते विचित्र वागले तर दुर्लक्ष करू नका, पण लगेच निकालही देऊ नका. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा. आणि आपण स्वतः शेवटचा हात कुठे लावला होता, तेही आठवा.

दुसऱ्या दिवशी पहाटे दाट धुकं होतं. दिवे पूर्ण वाटभर लागलेले. टोपल्या उतरल्या तेव्हा पाव अजून गरम होते. त्या सगळ्या वाटेत काकांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. एखाद्या काट्याला याहून मोठी शाबासकी कोणती हवी?