बावटा उतरला तेव्हा

"बावटा वरच आहे, बाई. मी उतरवल्याशिवाय तो आपणहून खाली यायचा नाही," बंदराचा कारकून खिडकीतूनच म्हणाला.

सकाळपासूनची तिची ही चौथी खेप. खांबाच्या टोकाला वादळाचा लाल बावटा फडफडत होता, तो तिला शेडमधूनही दिसत होता. तरी विचारल्याशिवाय राहवत नव्हतं. इस्पितळात पंचवीस वर्षं नर्स म्हणून तिने दुसऱ्यांना सांगितलं होतं, घाई करून ताप उतरत नाही. आता तिच्याच पायाला भिंगरी लागली होती.

मालाच्या शेडमध्ये पोत्यांच्या आडोशाला तिच्या माणसांनी तीन दिवसांपासून संसार मांडला होता. सासूबाई वळकटीला टेकल्या होत्या. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. इथेही कुणाचं तरी मनगटी घड्याळ उघडून त्यात डोकं घालून बसला होता. दहा वर्षांची लेक, जिला घरात सगळे 'वकीलसाहेब' म्हणत, आजीशी कशावरून तरी हुज्जत घालत होती.

"काय म्हणतोय वारा?" सासूबाईंनी विचारलं.

"तो कुठे माझं ऐकतोय!"

"मग बस की घटकाभर. येरझारा घालून घालून शेडची जमीन झिजवशील."

"बसने आलो असतो तर एव्हाना पोचलो असतो," ती नवऱ्याकडे बघत म्हणाली.

"मीही पोचलो असतो," तो मान वर न करता म्हणाला, "पोटातलं सगळं वाटेत ठेवून."

त्या काळी खाड्यांवर पूल नव्हते. बसला डोंगराला वळसा घालून दोन दिवस लागत आणि नवऱ्याला बस लागायची. लाँच एका दिवसात गावच्या बंदराला लागत असे. पण निघाल्या दिवशीच समुद्र उसळला आणि लाँच चालवणाऱ्या तांडेलाने ती या आडबंदरात आणून घातली. इथून पुढे गाडीरस्ता नव्हता. वादळाने तारा तुटल्या होत्या, त्यामुळे निरोप धाडायचीही सोय उरली नव्हती.

गावी तिचा दादा होता. घर आवरून तो लाँचने मोठ्या बंदराला आणि तिथून परदेशी, मुलाकडे कायमचा राहायला निघाला होता. निघायची तारीख कालच होऊन गेली होती. ही बातमी तिला शेजारणीच्या पत्रातून कळली, कारण दादा नऊ वर्षं तिच्याशी बोलत नव्हता.

चूक तिची होती. वडील गेले तेव्हा दादा दोन दिवस उशिरा पोचला. ओल्या कपड्यांनी दारात उभा राहून म्हणाला, "वाऱ्याने अडवलं गं." महिनाभर वडिलांची उस्तवार करून ती शिणली होती. भरल्या घरात बोलून गेली, "ज्याला यायचं असतं, तो येतो." दादाने उलट शब्द काढला नाही. पुढेही कधी काढला नाही.

आणि आता तीच वाऱ्याने अडून बसली होती. दादाची माफी मागायची, एवढ्यासाठी ती निघाली होती. तो तसाच निघून गेला, तर बोटीत बसून हेच म्हणेल की, ही आली नाही. यायचंच नव्हतं तिला.

"कालच गेला असेल हो तो," ती तांडेलाला म्हणाली. तांडेल दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसून चहा पीत होता.

"कसा जाईल, ताई? बावटा सगळ्याच बंदरांना लागतो. तुम्हाला अडवणारा वारा त्यांना काय खांद्यावर बसवून नेणार आहे?"

हे तिला सुचलंच नव्हतं. तीन दिवसांत प्रथमच तिचा जीव भांड्यात पडला. ती दोन घास नीट जेवली, सासूबाईंचे पाय चेपले, नवऱ्याची थट्टासुद्धा केली.

"पण आई," वकीलसाहेब म्हणाल्या, "वारा थांबला की मामापण लगेच निघणार ना? म्हणजे आपण निघू तेव्हाच?"

नवऱ्याने घड्याळाचं झाकण हळूच बसवलं.

तिने तांडेलाकडे बघितलं. "त्यांची लाँच इथे थांबेल का?"

"इथे कशाला थांबेल? आपण जीव वाचवायला शिरलो. ती बाहेरून परस्पर मोठ्या बंदराला जाते," तो म्हणाला. मग पेला खाली ठेवून म्हणाला, "पोरगी हुशार आहे तुमची."

त्यानंतर ती खिडकीपाशी गेली नाही. पण बसवतही नव्हतं. पोती मोजली, वळकट्या सोडून पुन्हा बांधल्या, लेकीची वेणी उगीचच दोनदा घातली. वारा राहिला तर दादा घरात आणि ती इथे. वारा पडला तर दोघंही समुद्रावर. इकडे आड, तिकडे विहीर.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला. शेडमध्ये एकच गलका झाला. कारकून धावतच आला. "बाई, उतरला हो तुमचा बावटा!"

तिने मान हलवली आणि वळकटी उचलली.

लाँच निघून दोन तास झाले असतील. तांडेलाने तिला हाक मारली आणि बोट दाखवलं. पाण्यावर एक पांढरा ठिपका होता.

"थांबवता येईल?"

"वारा पडला तरी लाट आहे अजून. दोन्ही लाँच जवळ नेल्या तर एकमेकींवर आपटून फुटतील. हाक नाही पोचणार, ताई. पण माणूस दिसेल इतपत नेतो. तेवढंच माझ्या हातात."

"दिसेल हं तुला दादा," नवरा म्हणाला. "डोळे लावून बघ फक्त."

"मला तो दिसून काय करायचंय?" ती म्हणाली. "मी त्याला दिसले पाहिजे."

तिने पदर खोचला, चपला काढल्या आणि केबिनच्या शिडीवर पाय ठेवला.

"अगं, पडशील! वय काय तुझं!" नवरा म्हणाला.

"धर तिला!" सासूबाई ओरडल्या. "बघत काय बसलास!"

नवऱ्याला उंचीचंही भय होतं. तरी तो मागोमाग चढला, छपरावर पालथा पडला आणि डोळे घट्ट मिटून त्याने तिचे दोन्ही घोटे धरले. लाँच हेलकावत होती. तिने हात हलवला नाही, हाक मारली नाही. नुसती ताठ उभी राहिली, कुठल्याही अंगाने ओळखू यावी अशी.

समोरची लाँच आली. कठड्याला माणसंच माणसं होती. वादळातून सुटल्याच्या आनंदात सगळेच हात करत होते, म्हातारे, पोरं, सगळे. त्यात दादाचा हात कुठला, हे तिला कळलं नाही. चेहरे नखाएवढे होते. मग त्या लाँचची पाठ दिसू लागली.

"गेली का गं?" पायांशी पडूनच नवऱ्याने विचारलं. "उतरायचं?"

"थांब जरा," ती म्हणाली. "अजून दिसत असेन मी."