एका ओढीला एक

छताला भोक पडलं. पण ते पडलंच नाही, असं धरून पुढे जाऊ.

तपासनीस बाईंनी मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरलं आणि पिस्तूल वाळूच्या पेटीवर रोखलं. काचेपलीकडे बाकावर बसलेल्या सासऱ्यांनी टकटक केली आणि दोन बोटं दाखवली.

सासऱ्यांचं हत्यार सुनेने तपासू नये, असा प्रयोगशाळेचा नियम होता. पण तपासायचा अधिकार असलेला दुसरा माणूस म्हणजे साहेब, आणि साहेब आवाजाला घाबरत. आत्ताही ते कोपऱ्यात डोळे मिटून, कानांत बोटं घालून उभे होते.

पिस्तूल छोटं, हलकं, दिसायला गरीब. डाव्या अंगाला मात्र एक खटका होता, आणि सगळं घर त्या खटक्याला टांगलेलं होतं. खटका वर असला की एका ओढीला एक गोळी. खाली केला की चाप सोडेपर्यंत गोळ्याच गोळ्या. पहिल्या प्रकाराला परवाना मिळे; दुसऱ्याला सात वर्षं.

सासरे शस्त्रागारात मेकॅनिक होते. निवृत्तीच्या वेळी भेट मिळालेल्या या पिस्तुलाची ती खोड आपण स्वतःच्या हाताने मोडली, खटका आता नुसता शोभेला, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगत. परवान्याच्या नूतनीकरणाला नवा अधिकारी भेटला आणि त्याने नेमकं त्या खटक्यावर बोट ठेवून पिस्तूल तपासून आणायला सांगितलं.

सून दारापाशी गेली.

"बाबा, एकाने भागतंय."

"एकाने काय कळणार, डोंबल? एकातून दोन सुटतात का?"

"म्हणूनच म्हणतेय," ती दबक्या आवाजात म्हणाली.

"म्हणजे माझ्या कामावर भरवसा नाही तुझा! साहेब, हिला दोन भरायला सांगा."

साहेबांनी एका कानातलं बोट काढलं. "नियम दोनचाच आहे," ते म्हणाले, आणि बोट पुन्हा जागेवर गेलं.

दुसरं काडतूस तिने सावकाश भरलं. तिने खटका खाली केला. काचेपलीकडे सासरे ताठ बसले होते, नातवाचा निकाल ऐकायला बसावं तसे. तिने चाप ओढला.

आवाज एकच झाल्यासारखा वाटला. हलकं पिस्तूल ते. पहिल्याच धक्क्याने नळी वर उसळली, आणि पुढचं झालंच नाही, हे आपलं सुरुवातीलाच ठरलंय.

साहेबांच्या टकलावर चुन्याची भुकटी पडत होती.

"किती?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

सासरे दारात येऊन वर बघत होते. त्यांचा ताठा कुठल्या कुठे गेला होता.

"दोन," ते म्हणाले. "माझं काम फसलं, साहेब. दोन लिहा."

साहेबांनी डोळे उघडले. छताकडे बघितलं, म्हाताऱ्याकडे, तिच्याकडे. फरशीवर दोन रिकामी कवचं पडली होती. शिंक येतेय अशा थाटात ते एक पाऊल पुढे सरकले आणि एका कवचावर बूट ठेवून थांबले.

"मला एकच दिसतंय."

"अहो, तुमच्या पायाखाली—"

"आजोबा, परवान्याचं पिस्तूल कुणीही राजीखुशीने जमा करू शकतं. मनाईचं निघालं, तर आणणाराच जमा होतो. आता सांगा, किती?"

सासऱ्यांनी त्या बुटाकडे बघितलं. नोकरीभर त्यांनी कुणाचं कच्चं काम पास केलं नव्हतं.

"एक," अखेर ते म्हणाले. "आणि हे घरी नको. वितळवून टाका."

तिने खुर्ची पुढे सरकवली. ते बसले, पण त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळी तिने टाइप केलं:

'महोदय, चाचणी-कक्षाच्या छतास कोणतेही भोक पडलेले नाही. तरी सदर भोक बुजविण्याकामी एक शिडी, एक घमेले चुना व एक गवंडी तातडीने मंजूर व्हावा, ही नम्र विनंती.'