नववा पिंजरा

आमच्या प्रयोगशाळेत आठ पिंजऱ्यांत उंदीर आहेत. त्यांना रोज तासभर अरुंद नळीत कोंडायचं आणि ताणामुळे ते दारू जास्त पितात का, हे बाटल्यांचं वजन करून बघायचं, हे माझं काम. नवव्या पिंजऱ्यात उंदीरच नाही. तिथली दारूची बाटली फक्त गळती कळावी म्हणून टांगलेली. आणि मेली तीच सगळ्यांत जास्त रिकामी होते! बाटली बदलली, बूच बदललं, डोक्याचा पार भुगा झाला. त्यातही सरांची संचालकांबरोबर मीटिंग असते त्याच दिवशी ती रिकामी होते!

शेवटी वैतागून सरांनाच विचारलं, "रिकाम्या पिंजऱ्याला कसला आलाय ताण?"

पेपरमिंटची तिसरी गोळी तोंडात टाकत सर म्हणाले, "ते संचालकांना विचार."