आधी एकक

माझं नाव अंबूबाई. हे नाव ऐकल्यावर नव्या पालकांना वाटतं, शाळेत झाडलोट करणारी बाई असणार. असं वाटून घेणाऱ्यांचा मला राग येतो, आणि तो माझ्या तोंडावर लगेच दिसतो. इथं कन्नड मुलखात, बसवनगुडीतल्या एका इंग्रजी शाळेत मी एकवीस वर्षं गणित शिकवते. मूळची निपाणीची. पोरं मला अंबू मिस म्हणतात आणि घाबरतात. निदान गेल्या जूनपर्यंत तरी घाबरायची.

जूनमध्ये शाळेनं पहिली ते चौथीच्या प्रत्येक मुलाला एकेक टॅब्लेट दिला. धडा त्यातच, प्रश्न त्यातच, शाबासकीही त्यातच. आम्हाला शिकवायला कंपनीचा एक तरुण आला होता. तो म्हणाला, "मॅडम, आता तुम्ही टीचर नाही, फॅसिलिटेटर." मी विचारलं, "बाळा, पोरगं रडायला लागलं तर काय दाबायचं?" सगळा स्टाफ हसला. तोही हसला आणि त्यानं पुढची स्लाइड लावली. त्याच आठवड्यात माझ्या काड्यांच्या जुड्या, चिंचोक्यांचे डबे आणि मणीचौकट स्टोअररूममध्ये गेली आणि किल्ली ऑफिसात.

तिसरीच्या वर्गात कावेरी होती. आठ वर्षांची, दोन वेण्या, पुढचा एक दात अर्धाच आलेला. तिचे वडील खंडोजी इथल्याच शिवाजीनगरला सोफ्यांना कापड चढवायचं काम करतात. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे येऊन राहिलेल्या मराठ्यांपैकी हे घर. त्यांची मराठी ऐकली तर पुण्याच्या माणसाला निम्मी कळायची नाही, पण घरात तीच चालते. मोजायचं तेही मराठीतच. खंडोजी टेप लावतो आणि पुटपुटतो, "त्रेसष्ट, अडतीस," आणि त्या पुटपुटण्यावर कावेरी लहानाची मोठी झाली.

जूनच्या पहिल्या चाचणीत टॅब्लेटनं तिला खालच्या पायरीवर टाकलं. म्हणजे वर्गातली बाकीची मुलं हातच्याची बेरीज करत होती आणि कावेरी तळ्यातली बदकं मोजत होती. किती बदकं? खाली तीन आकडे, बरोबर त्यावर बोट ठेवायचं. बोट ठेवलं की बदक नाचायचं. जुलै गेला, ऑगस्ट गेला, बदकं नाचतच होती. सप्टेंबरात ती मला म्हणाली, "मिस, मला बदकं नको वाटतात. मला पन्नासच्या वरचं येतं." मी म्हटलं, बघू तरी, आणि कागद पुढं केला.

मी इंग्रजीत म्हटलं, "फोर्टी-सेव्हन." ती ओठातल्या ओठात म्हणाली, "सत्तेचाळीस," आणि तिनं लिहिले चौऱ्याहत्तर. आधी सात, मग चार. बावन्नचे तिनं पंचवीस केले आणि पंचवीसचे बावन्न. एकतीस सांगितले तर तेरा लिहिले. एकोणतीसलाही तेराच, कारण त्यातही तिला आधी एक ऐकू आला आणि मग तीस.

मला हसू आलं. दुसरीत असताना मी हेच करत होते. कन्नडमध्ये नलवत्तेळु, इंग्रजीत फोर्टी-सेव्हन, दोन्हीकडे चाळीस आधी येतात. आपल्या भाषेत मात्र सात पुढं आणि चाळीस मागं. पोर जसं ऐकतं तसं लिहितं. ती मठ्ठ नव्हती, मराठी होती. वर्गात हिंदी घरातलीही चार मुलं आहेत, पण ती घरीसुद्धा इंग्रजीतच मोजतात, त्यामुळं हे दुखणं तिचं एकटीचं.

निपाणीत माझ्या गुरुजींनी मला जी युक्ती दिली होती तीच मी तिला दिली. "हे बघ, सत्तेचाळीस ऐकलं ना? सात आधी आला, तर सात आधी लिही. पण डावीकडं एक घर मोकळं सोड. मग चाळीसचा चार त्या घरात. आधी एकक, घर सोडून." तिनं लिहिलं, बघितलं, आणि माझ्याकडं असं बघितलं की मी काही जादूच केली.

त्या दिवसापासून शाळा सुटल्यावर आम्ही अर्धा तास बसायला लागलो. काड्या कुलपात होत्या, म्हणून कार्तिकात इथल्या बसवण्णाच्या देवळापाशी शेंगांची जत्रा भरते तिथून मी दोन शेर शेंगा आणल्या. दहा शेंगांची एक पुडी, बाकी सुट्या. पुडी फोडली की हातचा कळतो, आणि तास संपला की शेंगा खाता येतात. जानेवारीपर्यंत कावेरी तीन आकडी बेरीज-वजाबाकी करायला लागली. तिच्या वहीत मी लाल शाईनं बरोबरच्या खुणा करायची आणि ती त्या खुणा मोजायची. मराठीत.

टॅब्लेटवर तिला वरच्या पायरीवर कसं न्यायचं हे मी कुणाला विचारलंही नाही. मला त्या यंत्राचा इतका संताप होता की आमच्या अर्ध्या तासात ते कपाटातच असावं असा माझा हट्ट होता. तिनं एकदा विचारलंही होतं, "मिस, त्याच्यावर करूया का?" मी म्हटलं, "त्याला काय कळतंय? तू वहीत कर." मोठ्या दिमाखात म्हटलं होतं.

फेब्रुवारीत प्रिन्सिपल मॅडमनी स्टाफला सांगितलं की वर्षअखेरची चाचणी टॅब्लेटवरच होईल आणि चाळीसपैकी चोवीस न मिळालेली मुलं चौथीत जाणार नाहीत. ती 'सपोर्ट सेक्शन'मध्ये बसतील. सपोर्ट सेक्शन म्हणजे तळमजल्यावरची एक खोली, एक मदतनीस बाई आणि दिवसभर टॅब्लेट. तिथं शिक्षक नसतो. मला माहीत होतं, कावेरी तिथं गेली तर पुन्हा बदकं, आणि या खेपेला वर्षभर. पण मला काळजी नव्हती. चोवीस काय, ती छत्तीस मिळवील असं मी मनाशी धरून चालले होते.

चाचणीच्या दिवशी वर्गशिक्षकांना हॉलमध्ये सोडत नाहीत. मी व्हरांड्यात उभी राहिले. पाऊण तासानं दार उघडलं आणि कावेरी धावतच आली.

"मिस, सगळं आलं! एकपण सोडलं नाही!"

"सगळं?"

"सगळं. तुम्ही सांगितलं तस्संच केलं. आधी एकक."

मी तिच्या गालाला हात लावला. मला काहीही कळलं नाही, अगदी काहीही. तिची पाठमोरी वेणी उड्या मारत गेली ती बघत मी खुशीत उभी होते.

दुपारी निकाल आला. कावेरी, चाळीसपैकी नऊ.

मी तडक प्रिन्सिपल मॅडमच्या खोलीत गेले आणि म्हटलं की यंत्र बिघडलंय. त्या शांत बाई आहेत, शांतपणाचा मला आणखी राग येतो. त्यांनी संगणक माझ्याकडं वळवला आणि कावेरीची उत्तरं उघडून दिली.

सत्तावीस अधिक वीस. तिचं उत्तर चौऱ्याहत्तर. साठातून आठ गेले. तिचं उत्तर पंचवीस. एकवीस अधिक सतरा. त्र्याऐंशी. चाळीस प्रश्नांत बरोबर आलेली नऊ उत्तरं मी बोटानं एकेक पाहिली. पाच, सात, आठ, सहा. अकरा, बावीस, चव्वेचाळीस, पंचावन्न, सहासष्ट. एक आकडी, नाहीतर ज्याचे दोन्ही आकडे सारखे. ज्यांना उलटं करता येत नाही तेवढीच.

टॅब्लेटवर आकड्यांची बटणं असतात. पहिलं बटण दाबलं की आकडा चौकटीत डावीकडं बसतो, दुसरं दाबलं की उजवीकडं, आणि उत्तराची घरं भरली की प्रश्न सरकतो, पुन्हा बघायला मिळत नाही. तिथं डावीकडं मोकळं घर सोडायची सोयच नाही. तिनं आधी एकक दाबला. मी सांगितलं होतं तसंच. जूनमध्येही हेच झालं असणार, आणि मी तेव्हा नुसता लाल रिपोर्ट पाहिला होता, तिची बोटं पाहिली नव्हती.

मी मॅडमना सगळं सांगितलं. सत्तेचाळीस, नलवत्तेळु, निपाणीचे गुरुजी, शेंगा, सगळं. कन्नडमध्ये सांगताना माझी जीभ अडखळत होती. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि कंपनीला फोनही लावला. पलीकडच्या माणसानं सांगितलं की मुलीनं जे दाबलं ते बरोबर नोंदवलं गेलंय, सिस्टिममध्ये दोष नाही, आणि चाचणी एकदाच देता येते. रिपोर्ट विश्वस्तांकडं गेलासुद्धा होता.

"मी तिची परीक्षा कागदावर घेते," मी म्हटलं. "तुमच्या समोर. आत्ता."

"घ्या हो, आणि तिला चाळीसपैकी चाळीस पडतील, माझा विश्वास आहे," मॅडम म्हणाल्या. "पण कागदाला या शाळेत आता जागा कुठाय? तिच्या एकटीसाठी कागद धरला तर उद्या चाळीस पालक कागद घेऊन येतील." मग त्यांनी विचारलं, "अंबू मिस, सहा महिने तुम्ही तिला शिकवत होता. एकदाही टॅब्लेट हातात दिला नाहीत?"

त्यांनी टोचून विचारलं नव्हतं. खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना. मी संगणक पुन्हा त्यांच्याकडं वळवला. एकवीस वर्षांत त्या खोलीतून मी पहिल्यांदाच न भांडता बाहेर पडले असेन.

शनिवारी खंडोजी आणि त्याची बायको भाग्यलक्ष्मी आले. कावेरी मध्ये चालत होती. खंडोजीच्या शर्टाला फोमचा भुसा लागला होता, काम टाकून आलेला दिसत होता. सपोर्ट सेक्शनच्या कागदावर सही करायची होती. सही करायच्या आधी मी त्यांना बाहेर व्हरांड्यात बोलावलं.

"खंडोजी, ऐका. पोरीची चूक नाही. तिला सगळं येतं. मी तिला आकडा उलट्या बाजूनं लिहायला शिकवलं होतं. वहीत ते चालतं, टॅब्लेटवर चालत नाही. हे मला आधी कळायला पाहिजे होतं. चूक माझी आहे."

खंडोजीनं माझ्याकडं मोठ्या मायेनं बघितलं. त्या बघण्यानंच मला कळलं की काही खरं नाही.

"जाऊ द्या मिस, तुमी कशाला अंगावर घेता? तुमी किती केलात तिच्यासाठी, ते आमाला ठाऊक हाय. शाळा सुटल्यावर बसवलात, शेंगा चारलात. कोण करतंय येवढं?"

"अहो, मी खरं सांगतेय."

"सरी, सरी," तो म्हणाला, म्हणजे कन्नडमधलं 'बरं, बरं'. "आमच्या घरात कुणालाच हिसाब येत न्हाई, मिस. मला न्हाई, माझ्या अण्णाला न्हाई. हिला तरी कुठनं येणार?"

ज्या माणसाच्या तोंडून ती पोर त्रेसष्ट आणि अडतीस शिकली, तो माणूस मला हे सांगत होता. मी भाग्यलक्ष्मीकडं वळले. "अक्का, तुम्ही तरी ऐका. तिची वही बघा." मी वही उघडून तिच्यापुढं धरली. पानंच्या पानं लाल खुणांची. तिनं वही बघितली, एक पान उलटलं, आणि डोळे पुसले. "स्वल्प तरी येतंय म्हणून वाटलं होतं मिस," ती म्हणाली. "तुमी मन मोठं करून बरोबर दिलात, तेच पुरे." वही तिनं पिशवीत ठेवली.

मी चिडले. त्या दोघांवर चिडायचं काही कारण नव्हतं तरी चिडले. आवाज चढवून म्हटलं की मी आजवर कुणाला फुकट बरोबर दिलेलं नाही, शाळेत कुणालाही विचारा. खंडोजी मान डोलवत राहिला. शिक्षकाला उलट बोलायचं नाही, एवढंच तो पाळत होता. मग तो आत गेला आणि त्यानं सही केली. भाग्यलक्ष्मीही त्याच्या मागोमाग गेली.

कावेरी माझ्यापाशीच उभी होती. मी खाली बसले, तिच्या उंचीला आले.

"कावेरी, तुला येतं. तुझं सगळं बरोबर होतं. तू माझं ऐकलंस म्हणून चुकलं. कळलं का?"

तिनं थोडा विचार केला. विचार करताना ती अर्ध्या दातावर जीभ फिरवते.

"मिस," ती म्हणाली, अगदी हळू, मला वाईट वाटू नये म्हणून, "म्हणजे वहीत तुम्ही बरोबरच्या खुणा करायच्या, त्या मला बरं वाटावं म्हणूनच ना?"

"नाही गं बाळा. नाही."

"सरी, मिस," ती म्हणाली, बापासारखीच मान डोलवत, आणि आईकडं गेली.